‘कॉलनी विरुद्ध वस्ती’ हा सामनाच बंद करा

प्रश्न : आम्ही धुळ्यात राहतो. कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून हमाल, बांधकामावरचे मजूर आणि आमच्याच घरांत धुणी-भांडी करणाऱ्या बायकांची वस्ती आहे. मध्ये एक मोकळा प्लॉट आहे. दोन्हीकडची मुलं तिथेच खेळतात, पण कधी एकत्र नाही. त्यांची ओळख व्हावी म्हणून आम्ही २६ जानेवारीला क्रिकेटचा सामना ठेवला, कॉलनी विरुद्ध वस्ती. कॉलनीच्या मुलांना टी-शर्ट छापून आणले. शेवटी वस्तीतल्या मुलांना वह्या आणि जुने कपडे वाटले. सामना भांडणात संपला आणि आता मुलं एकमेकांकडे बघतही नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा काही करावंसं वाटतं, पण काही पालक म्हणतात, ‘आपली मुलं शिव्या शिकतील.’ माझी मुलगी बारा वर्षांची आहे, मुलगा दहाचा. सुरुवात कुठून करू?
— एक आई, धुळे

उत्तर : ताई, सामना भांडणात संपला यात मुलांचा दोष नाही आणि तुमचा हेतूही चांगलाच होता. चुकली ती मांडणी. भिंतीच्या अलीकडचे एका बाजूला आणि पलीकडचे दुसऱ्या बाजूला उभे केले की रोजचा भेद मैदानावर आणखी पक्का होतो. मग साधा रनआउटचा वादही ‘ते खोटारडे’ इथपर्यंत जातो. मॅट लोव या अर्थतज्ज्ञाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका याच प्रश्नावर आहे. त्याने आपल्याच देशातले वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण निवडले. काहींना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये घेतलं, काहींना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. कोण कोणाच्या संघात आणि कोणाविरुद्ध, हे सोडत काढून ठरवलं. ज्यांच्या स्वतःच्या संघात दुसऱ्या जातीचे खेळाडू होते, त्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. दुसऱ्या जातीचे लोक प्रतिस्पर्धी म्हणून जितके जास्त वाट्याला आले, तितकं त्यांच्याशी मिसळणं साधारणपणे कमी झालं. खेळ एकच, मैदानही तसंच. फरक पडला तो कोण कोणाच्या बाजूने खेळतं याने.

म्हणून या सुट्टीत एकच गोष्ट पक्की धरा. प्रत्येक संघात दोन्हीकडची मुलं निम्मी-निम्मी असली पाहिजेत, आणि एकाला दुसऱ्याशिवाय धाव काढताच येणार नाही असे नियम असले पाहिजेत. बाकी सगळं याच्याभोवती बसवायचं.

मुलं २४ घ्या, जास्त नको. वय ९ ते १३. कॉलनीतली १२, वस्तीतली १२ आणि दोन्हीकडून किमान चार-चार मुली. कॉलनीची वीस आणि वस्तीची चार असं झालं तर ती चौघं पाहुण्यासारखी कडेला उभी राहतात, आणि तिसऱ्या दिवशी येत नाहीत. या २४ जणांचे सहा-सहाचे चार संघ पाडा, प्रत्येकात तीन आणि तीन. संघ मैदानावर निवडायला लावू नका. दोन कप्तान उभे करून मुलं ‘मागून’ घेण्याची आपली जुनी पद्धत इथे घातक आहे. शेवटपर्यंत कोणीच न मागितलेलं मूल कोण, हे सगळ्यांसमोर दिसतं, आणि बहुतेकदा ते वस्तीतलं किंवा मुलगी असते. यादी घरीच करा. जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद, हातभर लांब अशा चार रंगांच्या २४ पट्ट्या फाडा आणि पहिल्या दिवशी मुलं आली की यादीप्रमाणे मनगटाला बांधत जा. लाल पट्टीवाले एकत्र, हिरवे एकत्र. कोण कुठलं याचा उच्चार करायचा नाही. टी-शर्ट अजिबात नकोत. संघांना नावं मुलांनाच निवडू द्या. नद्यांची नावं सुचवलीत तर पांझरा, तापी, गिरणा, अनेर असे चार आपल्या ओळखीचे संघ होतात. सहाही आठवडे संघ तेच ठेवा. दर वेळी अदलाबदल केली तर ओळख वाढते, पण घरोबा होत नाही.

यादी करताना एक गोष्ट नीट तपासा. एखाद्या मुलाच्या घरी ज्या बाई भांडी घासायला येतात, त्यांचं मूल त्याच मुलाच्या संघात टाकू नका, निदान या पहिल्या वर्षी तरी. मालकिणीच्या मुलाला चेंडू लागला तर उद्या काम जाईल, ही धास्ती आईला असते आणि मुलाला ती न सांगता कळते. ते मूल मोकळेपणाने ‘तू आउट आहेस’ म्हणूच शकत नाही.

आता खेळ. मुलांना क्रिकेटच हवं असणार, ते द्या, पण जोडीचं क्रिकेट द्या. सहा जणांचा संघ म्हणजे तीन जोड्या, प्रत्येक जोडीत एक इकडचं, एक तिकडचं मूल. प्रत्येक जोडी दोन षटकं खेळते, बाद झाली तरी बाहेर जात नाही. बाद झाल्यावर संघाच्या तीन धावा वजा होतात एवढंच. हिशेब शून्याखाली जाऊ नये म्हणून दोन्ही संघांची सुरुवात २० धावांपासून करा. तीन जोड्यांची सहा षटकं होतात, आणि समोरच्या संघातल्या सहा जणांनी प्रत्येकी एक षटक टाकायचं. म्हणजे बॅटिंग-बोलिंग न मिळालेलं मूल एकही राहत नाही. यात एक पळवाट मुलं पहिल्याच दिवशी शोधतात. चांगला खेळणारा शेवटच्या चेंडूवर एक धाव काढून स्ट्राइक आपल्याकडेच ठेवतो आणि जोडीदार नुसता पळत राहतो. त्यासाठी नियम करा की तीन चेंडू झाले की, धावा कितीही निघोत, बॅट दुसऱ्याच्या हातात. प्रत्येकाला सहा चेंडू मिळतात. लवकरच चांगला खेळणारा जोडीदाराला स्वतःहून सांगायला लागतो की पाय इकडे टाक, खाली राहणारा चेंडू मारू नको. त्याच्या धावा जोडीदाराच्या सहा चेंडूंवर अवलंबून असल्या की तो शिकवतो.

बारा षटकांना मुलांच्या वेगाने, दर षटकाला चार मिनिटं धरून, पाऊण तास सहज जातो. तेवढा वेळ उरलेल्या दोन संघांना कडेला बसवून ठेवू नका. त्यांच्यासाठी दोन खेळ पुरतात.

पहिला चादरीचा. डबल बेडची जुनी पण न विरलेली चादर एका संघाला एक. चौघं चार कोपऱ्यांना, दोघं लांब बाजूंच्या मध्यावर. वर एक हलका प्लॅस्टिकचा चेंडू. सगळ्यांनी एकदम चादर ताणून चेंडू उडवायचा आणि पुन्हा चादरीतच झेलायचा. न पाडता सलग किती, ते मोठ्याने मोजायचं. दहापर्यंत जमलं की दोन चादरी सहा पावलांवर उभ्या करून एकीतून दुसरीत चेंडू पाठवायचा. उंच मुलं एका बाजूला आली की चेंडू सारखा बुटक्या बाजूने घरंगळतो, म्हणून उंच आणि बुटकं मूल समोरासमोर उभं करा. एखादं मूल हिसका देत असेल तर ओरडू नका, ‘एक, दोन, वर’ असा ताल धरायचं काम त्यालाच द्या.

दुसरा लगोरीचा, पण मारामारीशिवाय. सात ठिकऱ्या, सहा मुलं. एकाने पाच पावलांवरून चेंडू मारून लगोरी फोडायची, मग एकेकाने पळत जाऊन एकच ठिकरी लावायची, परत येऊन पुढच्याच्या हातावर टाळी द्यायची. सातवी ठिकरी पहिल्या मुलाने लावायची. दुसरा संघ मोठ्याने सेकंद मोजतो. प्रत्येक संघाने आपलीच मागची वेळ मोडायची. लगोरी ढासळते ती घाईने नाही, आधी न बोलल्याने. कोणी लहान ठिकरी लवकर ठेवली की वरची मोठी टिकत नाही. कोणती कितवी लावायची हे फोडण्याआधी गोल करून ठरवावंच लागतं. मुलं डोक्याला डोकं लावून ते ठरवत असताना तुम्ही मध्ये पडू नका.

लिहिणं-वाचणं लागेल असा खेळ ठेवू नका. शब्दकोडी, चिठ्ठ्यांवर लिहिलेले सुगावे, इंग्रजी नावं, हे सगळं पहिल्या मिनिटाला कॉलनीच्या मुलांना वर नेऊन बसवतं. आणि इथे एक गोष्ट मुद्दाम करायची आहे. एकत्र बसवलं तरी ज्यांना घरचा-शाळेचा मान जास्त, तेच बोलत राहतात आणि बाकीचे ऐकतात. एलिझाबेथ कोहेन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत यावर जो उपाय तपासला, तो साधा होता. ज्या मुलांना कमी लेखलं जातं त्यांना आधी एक काम नीट शिकवायचं, मग त्यांनीच ते इतरांना शिकवायचं. त्यांनी काळ्या मुलांना रेडिओ जोडायला शिकवून गोऱ्या मुलांचे शिक्षक केलं होतं. तुम्हाला रेडिओची गरज नाही. विटी-दांडू वस्तीतल्या बहुतेक मुलांच्या हातात असतो. दुसऱ्या दिवसाची पूर्ण वेळ त्यांना द्या. बाभळीच्या फांदीचा दीड हाताचा दांडू, चार-पाच बोटं लांब, दोन्ही टोकं तासलेली विटी, विटी ठेवायची खाच म्हणजे गल्ली किती खोल खणायची, कोलायचं कसं, हे त्यांनी दाखवायचं आणि कॉलनीच्या मुलांनी शिकायचं. विटी डोळ्याला लागते, म्हणून झेलणारे दहा पावलांच्या आत येणार नाहीत अशी रेघ आखून घ्या. ती मुलं अहिराणीत बोलतील, बोलू द्या. ‘आठे ये’ (इकडे ये), ‘पय, पय’ (पळ, पळ) हे तुमच्या मुलांना दोन दिवसांत कळायला लागतं, आणि तेही तसंच ओरडायला लागतात.

सामानाबद्दल. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि तो घरी गेला की खेळ संपला, हा गल्लीतला कायदा तुम्हाला मोडायचा आहे. एक पत्र्याची पेटी घ्या. त्यात एक बॅट, नॉन-स्ट्रायकरसाठी बॅटएवढी फळी, सहा टेनिस बॉल, स्टंप, दोन चादरी, दोन प्लॅस्टिकचे चेंडू, ठिकऱ्या आणि बँडेज-डेटॉलचा डबा. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक कॉलनीत, एक वस्तीत. घरची भारी बॅट, ग्लोव्ह्ज, स्टड्सचे बूट घरीच राहतील. खर्चासाठी प्रत्येक मुलामागे सारखीच वर्गणी ठेवा, सहा आठवड्यांचे वीस रुपये वगैरे, पण आकडा वस्तीतल्या आयांना विचारून ठरवा. उरलेला खर्च तुम्ही चार घरांनी उचलला तरी चालेल, वस्तूवर नाव मात्र कोणाचंच नको. आणि ताई, वह्या-कपडे वाटणं या मैदानावर पूर्ण बंद. ज्या हाताने पाच मिनिटांपूर्वी टाळी दिली त्याच हातात जुना शर्ट ठेवला की त्या दिवसाचा सगळा खेळ पुसला जातो. मदत करायची असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या मार्गाने, मुलांच्या नजरेआड करा.

मैदानावर मोबाईल, घड्याळ, पैसे आणायचे नाहीत. हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. काही हरवलं की पहिला संशय कोणावर जातो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि असा एक संशय सहा आठवडे वाया घालवतो. चेंडू हरवला तर चौकशी नाही, वर्गणीतून नवा आणायचा.

पाण्याचं आधीच ठरवा. सावलीत एक माठ, लांब दांड्याचं एक ओगराळं, आणि सगळ्यांनी ओंजळीने प्यायचं, तुमच्या मुलांनीही. एकीकडे स्टीलच्या गार बाटल्या आणि दुसरीकडे माठ असं चित्र नको. पैशाच्या भेदाआड जातीचा भेद असतोच, आणि तो पाण्यापाशी आधी दिसतो. खाण्याचं रोज नको. आठवड्यातून एकदा केळी ठेवा, दोन डझन म्हणजे प्रत्येकी एक, आणि वाटायचं काम पाळीने एकेका जोडीला द्या.

शिव्यांची भीती खरी आहे का? थोडी आहे. गौतम राव या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीतल्या महागड्या खाजगी शाळांचा अभ्यास केला. तिथे सरकारी धोरणामुळे गरीब घरांतली मुलं श्रीमंत मुलांच्या वर्गात आली होती. २०१९ मध्ये छापलेल्या या अभ्यासात शिवराळ बोलणं वाढल्याचं दिसलं, मारामारी मात्र वाढली नव्हती. त्याच वेळी श्रीमंत मुलं जास्त उदार झाली आणि गरीब मुलांना टाळणं कमी झालं. पालकांना हे दोन्ही सांगा, अर्धं लपवू नका. आणि मैदानावर उपाय ठेवा की शिवी आली, तर देणाऱ्याची जोडी तीन चेंडू बाहेर, दोघंही. जोडीदार आवरायला लागतो. हा नियम दोन्हीकडच्या मुलांना सारखा लागू, कारण शिव्या कॉलनीतही येतात, फक्त हिंदी-इंग्रजीत.

त्याच अभ्यासात एक रिले शर्यत होती. जोडीदार म्हणून चांगला पळणारा गरीब मुलगा घ्यायचा की हळू पळणारा आपल्यातला, हे मुलांनी निवडायचं होतं. बक्षीस लहान असताना जवळपास तिघांतल्या एकाने हळू पळणारा आपल्यातलाच निवडला. बक्षीस वाढलं तसा हा भेदभाव कमी झाला. तेव्हा खेळात काहीतरी पणाला लागलेलं हवं, पण ते सगळ्यांचं मिळून हवं. ‘मॅन ऑफ द मॅच’ नको, कप नको. दर दिवशी खेळलेल्या दोन्ही संघांच्या धावा, सुरुवातीच्या वीस-वीस सोडून, एका फळ्यावर एकत्र मिळवत जा. विटी-दांडूचा दिवस सोडला तर क्रिकेटचे ११ दिवस उरतात, म्हणून क्रिकेटच्या पहिल्या दोन दिवसांची सरासरी काढून तिला ११ ने गुणा आणि वर दहावा हिस्सा मिळवा. समजा दिवसाला ८० धावा पडत असतील तर ८८० आणि ८८, म्हणजे ९७० च्या आसपासचं लक्ष्य. ते गाठलं तर पहिल्या पावसानंतर २४ जणांची लळिंगच्या किल्ल्यावर सहल. थोडक्यात हुकलं तर एक दिवस वाढवा. मग समोरच्या संघातल्या धडपडणाऱ्या मुलीने चौका मारला तरी सगळं मैदान ओरडतं.

पंच दोन ठेवा, एक कॉलनीतला, एक वस्तीतला, सोळा-सतरा वर्षांची मुलं चालतील. पालक सीमारेषेवर नकोत. भांडण झालंच तर खेळ थांबवून दोन्ही पंचांनी मिळून निर्णय द्यायचा. एकमत नसेल तर तो चेंडू पुन्हा टाकायचा. कोणाला लागलं तर दवाखान्याचा खर्च कुठून आणि सोबत कोण जाणार हे आधीच ठरलेलं असू द्या. मजुरी करणाऱ्या आईला मुलाच्या पायासाठी खाडा करावा लागला तर ती दुसऱ्या दिवशी त्याला पाठवणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

एक मर्यादाही सांगायला हवी. इराकमध्ये सलमा मूसा या राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी ख्रिश्चन आणि मुस्लिम फुटबॉलपटूंचे मिश्र संघ केले होते. त्यांचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. खेळाडू मैदानावर खरोखर जवळ आले, सहा महिन्यांनंतरही सोबत सराव करत होते, पण मैदानाबाहेर अनोळखी लोकांशी वागणं फारसं बदललं नाही. भिंतीपलीकडचं घर आपोआप ओळखीचं होत नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक संघाला मैदानाबाहेरचं एक काम द्या. बॅटला ग्रीप चढवणं, पट्ट्या धुणं, लगोरीच्या ठिकऱ्या घासून सपाट करणं. हे काम पाळीने एकेकाच्या ओट्यावर बसून करायचं, पहिला ओटा वस्तीतला. तुमच्या मुलांनी त्या घरचा चहा घ्यायचा. पुढच्या खेपेला तुमच्या ओट्यावर ती मुलं आली की त्यांना दारातच थांबवायचं नाही, बाकीच्यांसारखंच आत बोलवायचं. मागच्या दाराने नाही.

आता तुमचा प्रश्न, सुरुवात कुठून. कॉलनीच्या मीटिंगपासून नको. आधी वस्तीत जा, संध्याकाळी सातनंतर, बायका कामावरून आल्यावर, आणि मुलीला सोबत न्या. तुमच्या हॉलमध्ये त्यांना बोलावू नका. तिथे त्या ‘हो’ म्हणतील आणि मुलं पाठवणार नाहीत. जानेवारीत जे झालं त्याने त्यांना वाईट वाटलं का, हे सरळ विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मग वेळ विचारा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, म्हणून तुम्हाला सकाळी साडेसहाची वेळ सोयीची वाटेल. पण आई सातला कामावर निघते तेव्हा पाणी भरणं आणि भाकरी टाकणं थोरल्या मुलीकडे असतं, आणि सकाळच्या वेळेने नेमक्या त्याच मुली गळतात. बहुधा संध्याकाळी पावणेसहा ते सव्वासात हीच वेळ निघेल, आठवड्यातून दोन दिवस, नळाचा दिवस आणि बाजाराचा दिवस सोडून. अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडाही सोडा, त्या दिवसांत मुली झोक्यावर असतात. कडेवरच्या धाकट्या भावंडांचं काय, हेही विचारा. कॉलनीतल्या एका आजी आणि वस्तीतल्या एका आजी अशा दोघी माठाजवळच्या सावलीत बसायला तयार झाल्या तर बारा-तेरा वर्षांच्या मुली येऊ शकतील. धाकट्यांना प्रत्येक धावेला एक खडा डब्यात टाकायचं काम द्या. हे सगळं त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि मगच कॉलनीच्या ग्रुपवर वेळ टाका.